निळू फुले : ऐकणारा नट

पिटातला प्रेक्षक

निळू फुले यांचे १३ जुलै २००९ रोजी पुण्यात निधन झाले. तेव्हापासून त्यांच्याविषयी जे बोलले जाते, त्यातले निम्मे 'बाई, वाड्यावर या' या एका वाक्याभोवती घुटमळत राहते. गणेशोत्सवातल्या विविधरंगी कार्यक्रमात कोणीतरी नकलाकार उभा राहतो, मान तिरकी करतो, डोळे बारीक करतो, आवाज घशातून खरवडून काढतो आणि मंडप हसतो. त्या हसण्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण नक्कल होणे हीसुद्धा लोकप्रियतेची एक पावतीच आहे. तक्रार आहे ती एवढीच की, ही नक्कल ज्या माणसाची म्हणून केली जाते तो पडद्यावर सहसा असा वागताना दिसत नाही. नकलाकार सतत बोलत असतो. मूळ नट बराच वेळ गप्प असतो.

या चर्चामंचावर हा धागा काढण्याचे निमित्त असे की, गेल्या महिन्यात मी 'सामना' तीन वेळा पाहिला. विजय तेंडुलकरांचे लेखन, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, रामदास फुटाणे यांची निर्मिती आणि १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवातील स्पर्धेपर्यंत झालेला प्रवास, ही माहिती इथल्या बहुतेकांना असेलच. पहिल्या वेळी मी आपल्या सर्वांप्रमाणे डॉ. श्रीराम लागूंच्या मास्तरकडे पाहत होतो. स्वातंत्र्यलढ्यातून आलेला आणि दारूत बुडालेला हा माणूस हिंदुराव धोंडे पाटलांच्या राज्यात येऊन पडतो आणि गावातून नाहीशा झालेल्या माणसाविषयी 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा प्रश्न विचारत सुटतो. लागूंची ती भूमिका बोलकी आहे, फुलणारी आहे आणि प्रेक्षकाची नजर आपल्याकडे ओढून घेणारी आहे. दुसऱ्या वेळी मी ठरवून फक्त हिंदुराव झालेल्या निळूभाऊंकडे पाहिले, आणि तिसऱ्या वेळी दुसऱ्या वेळी जे दिसले ते खरेच दिसले होते का याची खात्री करून घेतली.

मला जे दिसले ते असे. हिंदुरावची निम्मी भूमिका ऐकण्याची आहे. मास्तर बडबडतो, शिव्या देतो, कविता म्हटल्यासारखे काही पुटपुटतो, आणि समोरचा सत्ताधीश ते सगळे ऐकून घेतो. या ऐकण्याला पायऱ्या आहेत. सुरुवातीला त्यात यजमानाचे कौतुक आहे. साखर कारखान्यापासून कोंबड्यांपर्यंत आपण उभे केलेले सारे जग या बेवड्याला दाखवावे आणि त्याने मान डोलवावी, इतकीच त्याची अपेक्षा आहे. मग मारुती कांबळेचे नाव निघते, आणि चेहऱ्यावर काहीही न हलता ऐकण्याची जात बदलते. कौतुकाच्या जागी हिशेब येतो. शेवटाकडे तेच ऐकणे एका थकलेल्या माणसाचे होते, ज्याला या पिडेशिवाय दुसरे कोणी खरे बोलणारे भेटलेले नाही. या तीन अवस्थांसाठी निळूभाऊंनी वापरलेली साधने मोजायला बसलो तर हाताच्या बोटांवर मावतील : मानेचा कोन, पापण्या, धोतराच्या सोग्याशी चाळा आणि उत्तर देण्यापूर्वीची विश्रांती.

या भूमिकेत हिंदुराव स्वतःला खलनायक समजत नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. आपण गावाचे भले केले आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे, आणि ती काही अंशी खरीही आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५० च्या सुमारास झाले, त्यानंतर सहकाराने महाराष्ट्राच्या अनेक भागांचा चेहरा पालटला, आणि त्याच सहकाराच्या पोटात सरंजामी पाटीलकीने नवे घर केले. ही दोन्ही सत्ये एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी दाखवायची होती. ती दाखवणारा माणूस स्वतः राष्ट्र सेवा दलात वाढलेला समाजवादी होता, हा योगायोग मानायला मी तयार नाही. ज्यांच्या विरुद्ध गावोगाव सेवा दलाच्या कलापथकातून बोलायचे, त्यांचे बोलणे आधी नीट ऐकलेले असावे लागते.

चार वर्षांनी, १९७९ साली, 'सिंहासन' आला. दिग्दर्शक तेच, पटकथाकार तेच, आणि अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांचा आधार. त्यात निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस झाले. मुख्यमंत्री जिवाजीराव अरुण सरनाईकांचे, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे लागूंचा, कामगार नेता डिकास्टा सतीश दुभाषींचा. म्हणजे बोलणाऱ्यांची ही मोठी फौज, आणि त्या सर्वांकडे जाऊन ऐकणारा दिगू एकटा. त्याचा व्यवसायच ऐकण्याचा आहे. ऐकून ऐकून शेवटी त्याचे डोके फिरते. हिंदुराव आणि दिगू ही सत्तेची दोन टोके आहेत, एक सत्ता भोगणारा आणि दुसरा ती दाराच्या फटीतून पाहणारा. तरीही दोघांना जोडणारे कौशल्य एकच आहे.

शंभराचा आकडा केव्हाच ओलांडलेल्या चित्रपटांच्या ढिगातून मी दोनच उचलले, हे मला मान्य आहे. म्हणूनच जाणकारांना विनंती आहे की, हे 'ऐकणे' त्यांच्या इतर भूमिकांत, विशेषतः रंगभूमीवर, सापडते का, हे त्यांनी सांगावे. चर्चा भूमिकांवरच ठेवू या. साधेपणाच्या आणि मोठ्या मनाच्या आठवणींचे धागे इथे पुष्कळ निघालेले आहेत.

कृष्णाकाठ

धागा आवडला. मी सांगली भागातला आहे आणि माझे बालपण तंबूतल्या सिनेमावर गेले, त्यामुळे आपण बाजूला ठेवलेल्या ढिगाविषयी दोन शब्द लिहितो.

आमच्या गावच्या जत्रेला टुरिंग टॉकीज यायचे. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये कनातीचा पडदा किंवा नुसता दोर. निळूभाऊंचे नाव पाटीवर असले की बायकांच्या बाजूला पहिल्यापासूनच एक तणाव असे. ते पडद्यावर आले की माझी आजी पदर सावरून बसायची. हे मी गमतीने लिहीत नाही. साठ वर्षांच्या, नातवंडे मांडीवर घेतलेल्या बाईला एका चित्राच्या नजरेसमोर पदर सावरावासा वाटतो, यापेक्षा मोठा पुरस्कार कोणत्या नटाला मिळतो ते मला ठाऊक नाही. आणि ते चित्र त्या वेळी काही बोलतही नसे. ओसरीवर तक्क्याला रेलून नुसते पाहत असे.

तमाशापटांची एक ठरलेली चौकट होती. गावात फड उतरतो, पाटलाची नजर नाचणारीवर पडते, मास्तर किंवा गरीब शेतकऱ्याचा मुलगा आडवा येतो, शेवटी पाटलाचे पाप वाड्याच्या पायऱ्यांवर उघडे पडते. ही चौकट शे-सव्वाशे वेळा वापरून झाली. त्यातले संवाद कोणाच्याही तोंडी चालले असते. तरीही गावाला निळूभाऊंचा पाटील आपला वाटायचा, याचे कारण तो आमच्या पंचक्रोशीतल्या कोणासारखा तरी दिसायचा. १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जुना पाटील नवा सभापती झाला, तेव्हा त्याच्या बोलण्यात एक बदल आला होता. धमकी द्यायची ती विनंतीच्या भाषेत, 'तेवढं बघा की जरा' अशी. निळूभाऊंनी तो बदल बरोबर टिपला होता. त्यांच्या आधीचे खलनायक ओरडत असत, कारण त्यांचा पाटील इंग्रजी अमदानीतला होता. यांचा पाटील मतांवर निवडून आलेला होता आणि निवडून आलेल्या माणसाला ओरडून चालत नाही.

तेव्हा 'सामना' वेगळा आणि तमाशापट वेगळे, अशी भिंत घालू नये असे मला वाटते. हिंदुराव त्या ढिगातूनच वर आला.

तिसरी घंटा

मूळ लेखातले निरीक्षण मोलाचे आहे, पण एका भूमिकेपुढे ते टिकेल का याची मला शंका आहे, आणि ती भूमिका वगळून निळू फुले यांच्याविषयी काही ठरवता येत नाही. मी तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' या नाटकातल्या सखारामविषयी बोलत आहे.

सखाराम हा मराठी रंगभूमीवरचा सर्वांत बोलका माणूस असावा. पडदा उघडल्यानंतर तो नवऱ्याने टाकलेल्या लक्ष्मीला घरात आणतो आणि या घराचे नियम सांगायला लागतो : इथे काय चालेल, काय चालणार नाही, खायला किती मिळेल, नेसायला काय मिळेल, नाही पटले तर केव्हा निघायचे. ते सांगणे संपतच नाही. ब्राह्मणाच्या घरात जन्मून लहानपणीच घरातून पळालेला, लग्नसंस्थेवर थुंकणारा, आपल्या स्पष्टपणाचाच अहंकार असलेला असा हा माणूस. तेंडुलकरांनी त्याला ऐकायला जवळजवळ वेळच ठेवलेला नाही. १९७२ साली कमलाकर सारंग यांनी ते नाटक उभे केले, लालन सारंग चंपा, म्हणजे लक्ष्मीनंतर सखारामने घरात आणलेली बाई, झाल्या, नाटकांच्या परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाने कात्री काढली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि सारंगांनी ते सारे पुढे 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात लिहून ठेवले. हा इतिहास आपण वाचलेला आहे. पण त्या गदारोळात अभिनयाची चर्चा मागे पडली, असे मला नेहमी वाटत आले आहे.

माझे वडील नाट्यवेडे होते आणि त्यांनी तो प्रयोग पाहिला होता. ते सांगत की, प्रेक्षागृहात सुरुवातीला लोक हसत होते. सखारामचे उघडे-वाघडे बोलणे ऐकून सभ्य माणसे आधी दचकली आणि मग चक्क हसू लागली, कारण निळूभाऊ ते बोलणे शिवी म्हणून फेकत नव्हते. दुकानदार मालाचा भाव सांगतो तसे ते सांगत होते. त्यात ना राग, ना लाज. नटाने तिथे राग आणला असता तर सखाराम राक्षस झाला असता आणि लाज आणली असती तर तो पश्चात्तापाकडे झुकला असता. मृदंग वाजवायला बसल्यावर मात्र त्याचा चेहरा मऊ होई, असेही वडील सांगत.

म्हणून माझा प्रश्न असा आहे : बोलण्यावर उभी असलेली ही भूमिका त्यांच्या कारकिर्दीतली श्रेष्ठ भूमिका असेल, तर 'ऐकणारा नट' हे वर्णन एका अंगाचेच ठरत नाही का?

पिटातला प्रेक्षक

तिसरी घंटा यांचा आक्षेप रास्त आहे आणि 'सखाराम बाइंडर' मी रंगमंचावर निळूभाऊंचे पाहिलेले नाही, हे आधीच कबूल करतो. संहिता मात्र पुन्हा काढून वाचली. दोन जागा सुचवतो. लक्ष्मी स्वयंपाकघरात मुंगळ्याशी बोलते, हसते. सखाराम ते बाहेरून ऐकतो, आत कोणी परका पुरुष आहे अशी त्याची खात्री होते, आत येऊन पाहतो तर कोणीच नाही. जगाची फिकीर नाही असे मघापासून सांगणारा माणूस एका बाईच्या हसण्याने अस्वस्थ होतो. त्याच्या तत्त्वज्ञानाला पहिला तडा तिथे जातो आणि तो त्याच्या कानातून जातो. दुसरी जागा शेवटची. चंपाचा खून झाल्यावर हा अखंड बोलणारा माणूस गळून जातो आणि सूत्रे लक्ष्मीच्या हाती जातात. तिच्या तोंडून पुढे काय करायचे ते त्याला ऐकावे लागते. सुरुवातीला नियम सांगणारा शेवटी सूचना ऐकणारा होतो, हा त्या भूमिकेचा सारा प्रवासच आहे. ज्याला ऐकता येत नाही अशा नटाने हा शेवट कसा केला असता, याचा विचार करून पाहावा.

तरीही वर्णन एका अंगाचे आहे हे मान्य.

झांजवाला

मी उशिरा येत आहे, क्षमस्व. लोकनाट्याशी माझा थोडाफार संबंध आला आहे आणि या चर्चेतला हरवलेला दुवा तिथे आहे असे मला वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निळूभाऊ नाट्यशाळेत गेले नाहीत. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळ्याची नोकरी करत होते आणि उरलेला वेळ सेवा दलाच्या कलापथकाला देत होते. १९४१ साली सुरू झालेल्या सेवा दलाने पुढे करमणुकीतून विचार सांगण्यासाठी कलापथक उभे केले, आणि त्याची ताकद अशी की वसंत बापटांसारखा कवी, पु. ल. देशपांड्यांसारखा लेखक त्यासाठी लिहीत होता. पुलंच्या 'पुढारी पाहिजे' या लोकनाट्यातली रोंगेची भूमिका निळूभाऊंनी गाजवली. १९५७ च्या निवडणुकीच्या आधी त्यांनी स्वतः 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हा वग लिहिला. संयुक्त महाराष्ट्राचे वारे होते, गावोगाव सभा होत्या आणि सभेला येणारा माणूस भाषणाला कंटाळला तरी वगाला बसत होता. याच कलापथकातून राम नगरकर आले, दादा कोंडके आले. एका संघटनेच्या हौशी पथकाने व्यावसायिक रंगभूमीला आणि पडद्याला इतके कसदार नट दिल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

आता मुद्दा असा. तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो. लोकनाट्याने त्यातले काही ठेवले, काही सैल केले, पण बतावणीचा प्राण सोडला नाही. बतावणी म्हणजे दोघातिघांचे हजरजबाबी बोलणे. त्यात ठरलेला मजकूर थोडा आणि ऐन वेळी सुचलेला जास्त. तिथे सोंगाड्याला सगळ्यांत मोठा धोका स्वतःचे वाक्य विसरण्याचा नसतो, कारण विसरले तरी दुसरे सुचते. धोका असतो तो समोरच्याचे वाक्य न ऐकण्याचा. जोडीदाराने आज नवा टोला काढला आणि आपण कालचे उत्तर दिले तर खेळ तिथेच आडवा होतो. शिवाय त्याला तिसऱ्याचेही ऐकावे लागते, म्हणजे समोर मातीत बसलेल्या माणसांचे. या गावात कोणत्या पुढाऱ्याचे नाव घेतल्यावर हशा येतो आणि कोणाचे घेतल्यावर मागच्या रांगेत चुळबूळ होते, हे पहिल्या पाच मिनिटांत कळावे लागते. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची'चे प्रयोग शेकड्यांनी नव्हे, हजारांत झाले. इतके प्रयोग केलेल्या नटाचे कान कसे तयार होत असतील, याची कल्पना करावी.

आणि त्या वगांतून ते कोणाचे सोंग घेत होते? पुढाऱ्याचे, सरपंचाचे, पाटलाचे. म्हणजे पडद्यावर ज्याची भीती वाटली, त्याच माणसाला फडावर त्यांनी आधी वर्षानुवर्षे हास्यास्पद करून दाखवले होते. १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'मधून झेले अण्णा होऊन ते चित्रपटात आले, तेव्हा ते कोरे नव्हते. विनोदासाठी जमवलेले सगळे बारकावे त्यांनी तसेच ठेवले आणि त्यातले हसू तेवढे काढून घेतले. मला त्यांचा खलनायक इतरांपेक्षा वेगळा वाटतो तो यामुळे. त्याच्या तळाशी एक सोंगाड्या बसलेला असतो आणि तो केव्हा डोळा मिचकावील याचा नेम नसतो.

आवाजाविषयीही थोडे. उघड्यावर, बिनमाईकच्या खेळात नट वरच्या पट्टीत बोलायला शिकतो आणि ती सवय पडद्यावर आल्यावर त्याचा घात करते. लोकनाट्यातून आलेल्या कित्येकांचे तसे झाले. निळूभाऊंनी उलट केले. कॅमेऱ्यासमोर ते खर्जात उतरले, आणि वाक्याचा शेवट सोडून देऊ लागले, जणू उरलेले समोरच्याने समजून घ्यावे. नकलाकार मात्र तोच शेवट ताणतात, नेमका जिथे ते थांबत असत तिथे.

कृष्णाकाठ

झांजवाला यांनी लिहिलेले कापून ठेवावे असे आहे. एक पुरवणी. 'जैत रे जैत' (१९७७) कोणी काढला नाही म्हणून लिहितो. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, ठाकर आदिवासींच्या वस्तीतला तो चित्रपट. मोहन आगाशे नाग्या, स्मिता पाटील चिंधी आणि निळूभाऊ नाग्याचा बाप, भगत. तिथे ना वाडा, ना धोतर, ना सत्ता. अंगावर जेमतेम लंगोटी आणि देवाचे बोल पोराच्या कानात घालणारा म्हातारा. हा तोच माणूस आहे हे माझ्या मुलीला सांगावे लागले.

सातासमुद्रापार

मी बरीच वर्षे देशाबाहेर आहे आणि इथल्या पुढच्या पिढीला निळू फुले माहीत आहेत ते हिंदी चित्रपटांतून, म्हणून त्या बाजूने लिहितो.

हिंदीत त्यांचे काम तुलनेने थोडे आहे आणि त्यातले बरेचसे वाया गेले आहे. 'कुली' (१९८३) आणि 'मशाल' (१९८४) मध्ये ते आहेत. 'मशाल' तर वसंत कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले'वर बेतलेला, म्हणजे मराठी रंगभूमीचे रक्त त्यात होते. पण तिथेही त्यांच्या वाट्याला फार काही आले नाही. हिंदी व्यावसायिक चित्रपटात चरित्र-अभिनेत्याला एका दृश्यात येऊन आपले वाक्य टाकून जायचे असते. ऐकायला त्याला जागा मिळत नाही, कारण कॅमेरा त्या वेळी नायकावर असतो. मूळ लेखाचा मुद्दा उलट्या बाजूने तपासायचा असेल तर हे पुरेसे उदाहरण आहे : ऐकणे काढून घेतले की निळू फुले इतर दहा जणांसारखे दिसू लागतात.

अपवाद 'सारांश' (१९८४). महेश भट्ट यांनी त्यांना गजानन चित्रे हा राजकारणी दिला. मुलापासून अभिनेत्री होऊ पाहणाऱ्या एका मुलीला दिवस गेले आहेत, आणि बापाला निवडणूक आणि अब्रू सांभाळायची आहे. समोर अनुपम खेर यांचा निवृत्त शिक्षक प्रधान. आता हे जरा 'सामना'शेजारी ठेवून पाहा. तिथेही एक म्हातारा मास्तर आणि एक सत्ताधीश होता. गाव जाऊन मुंबईतला फ्लॅट आला, कारखाना जाऊन पक्षाचे कार्यालय आले, पण सत्तेचा स्वर तोच राहिला, आधी समजावणीचा, मग हळूच पाय दाबणारा. फरक एवढाच की हिंदुरावला मास्तरविषयी कुतूहल होते, चित्रेला प्रधानविषयी ते नाही. दहा वर्षांत सत्तेने कुतूहल गमावले, असा अर्थ मी त्यातून काढतो. तो दिग्दर्शकाच्या मनात असेलच असे नाही. नटाच्या मनात असावा असे मात्र वाटते.

तिसरी घंटा

सातासमुद्रापार यांची तुलना विचार करायला लावणारी आहे, फक्त निष्कर्ष मला जरा ओढून आणलेला वाटतो. चित्रेला पटकथेतच वेळ कमी आहे. कुतूहल दाखवायलाही दृश्ये लागतात.

आधीच्या माझ्या आक्षेपाला मिळालेले उत्तर बऱ्याच अंशी पटले. मुंगळ्याची जागा मी विसरलो होतो. वडील आज असते तर तो क्षण निळूभाऊंनी कसा घेतला हे विचारले असते.

विंगेतून

रंगभूमीच्या बाजूने 'सूर्यास्त'चे नाव यायलाच हवे. जयवंत दळवींचे नाटक, आणि त्यात निळूभाऊंचे अप्पाजी : आयुष्यभर गांधीविचार जगलेला म्हातारा, ज्याचा मुलगा मुख्यमंत्री झाला आहे. पडद्यावर वर्षानुवर्षे सत्ताधीश रंगवणाऱ्या नटाने इथे सत्ताधीशाचा बाप व्हायचे होते आणि सत्तेच्या घरात पाहुण्यासारखे राहायचे होते. घरात फोन वाजतात, माणसे येतात-जातात, सौदे ठरतात आणि हे सगळे अप्पाजींच्या कानावर पडत असते. मी तो प्रयोग तरुणपणी पाहिला. बाल्कनीत होतो, चेहरा नीट दिसत नव्हता, पण पाठीच्या कण्यावरून कळत होते की या म्हाताऱ्याने आता काहीतरी असे ऐकले आहे, जे ऐकायला नको होते. प्रेक्षकाला त्या खोलीत खलनायक दिसत नव्हता तरी तो आहे हे समजत होते, आणि समजत होते ते निळू फुल्यांकडे पाहून. या गोष्टीतली गंमत मला फार उशिरा उमगली.

आणखी एक प्रयोग धाग्याच्या कक्षेत बसतो, म्हणून लिहितो. सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारायचे ठरले, तेव्हा डॉ. लागू, तनुजा, निळूभाऊ अशा नामवंतांनी आचार्य अत्र्यांचे 'लग्नाची बेडी' घेऊन गावोगाव प्रयोग केले. मोठाल्या नावांच्या अशा प्रयोगांत बहुधा प्रत्येक जण आपापल्या टाळीची वाट पाहत उभा असतो. विनोदी नाटकात तर तो मोह दुप्पट. निळूभाऊ दुसऱ्याचे वाक्य चालू असताना त्याच्याकडेच पाहत, प्रेक्षकांकडे नाही, आणि म्हणून टाळी त्या दुसऱ्याला मिळे. सहकलाकारांना ते हवेहवेसे वाटत, याचे रहस्य स्वभावाइतकेच या सवयीतही असावे. १९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो रंगभूमीवरच्या अभिनयासाठी, हे चित्रपटांच्या गर्दीत आपण विसरून जातो.

पिटातला प्रेक्षक

सर्वांचे मनापासून आभार. धागा काढताना माझ्यासमोर दोन चित्रपट होते. आता सखाराम, अप्पाजी, भगत, चित्रे आणि कलापथकातला रोंगे एवढी माणसे येऊन बसली आहेत.

झांजवाला यांच्या प्रतिसादामुळे माझी एक समजूत दुरुस्त झाली. 'सामना'तल्या ऐकण्याचे श्रेय मी तेंडुलकरांच्या लेखणीला आणि पटेलांच्या दिग्दर्शनाला देत होतो, आणि ते आहेच. पण ते कान त्याआधी वीसेक वर्षे गॅसबत्तीच्या उजेडात तयार होत होते, हे माझ्या लक्षात आले नव्हते. कृष्णाकाठ यांनी तमाशापटांची बाजू घेतली तीही पटली. मात्र त्या शे-सव्वाशे पाटलांपैकी निदान पन्नास तरी निळूभाऊंनी नाकारले असते आणि त्या वेळात आणखी दोन 'सूर्यास्त' केले असते तर बरे झाले असते, या मतावर मी ठाम आहे. पोट, निर्मात्यांचा आग्रह, मैत्री अशी कारणे असतील. प्रेक्षक म्हणून हळहळ वाटते ती वाटतेच.

काल रात्री 'सिंहासन'चा शेवट पुन्हा लावला. मंत्रिमंडळाचा खेळ एका जागी येऊन थांबतो, सगळे बोलणारे आपापल्या खुर्चीवर स्थिरावतात, आणि दिगू हसायला लागतो. सबंध चित्रपटभर ज्याने दुसऱ्यांचे ऐकून वहीत उतरवले, त्याच्या तोंडून शेवटी शब्दच फुटत नाही, नुसता आवाज येतो. शेजारच्या खोलीतून बायको म्हणाली, आवाज कमी करा. मी कमी केला, आणि मग लक्षात आले की आवाज बंद करूनही ते हसणे ऐकू येत होते.

कृष्णाकाठ

'पन्नास पाटील नाकारायला हवे होते' यावर स्वतंत्र धागा काढा. तिथे भांडू.